पाणी दोन्ही डोळ्यांत कमी, जळजळ मात्र एकाच: शुष्क नेत्राचं एक प्रकरण

रुग्णाची ओळख पटेल असे तपशील या लेखातून वगळले आहेत.

पार्श्वभूमी

सत्तावन्न वर्षांच्या या बाई हिशेबनीस आहेत. पाच वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर तपासायला गेल्या, तेव्हा उजव्या डोळ्यातला दाब २८ मिलिमीटर पारा निघाला आणि डावीकडचा १६. उजव्या डोळ्यातल्या भिंगावर पांढुरके कण साचलेले दिसले. स्यूडोएक्सफोलिएशनमुळे, म्हणजे असे कण साचल्यामुळे होणारा हा काचबिंदू पुष्कळदा एका डोळ्यात आधी आणि जास्त दिसतो. म्हणून औषध फक्त उजव्या डोळ्यात सुरू झालं: रात्री झोपताना दाब उतरवणाऱ्या लॅटॅनोप्रोस्टचा एक थेंब. दाब १७ वर उतरला आणि तिथेच टिकला. डाव्या डोळ्यावर नुसती नजर ठेवायची ठरली.

साडेतीन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग एका फील्ड टेस्टमध्ये उजव्या डोळ्याचं दृष्टिक्षेत्र आधीपेक्षा खालावलेलं दिसलं. दाब आटोक्यात असूनही दृष्टीची नस खराब होत असावी असं समजून त्याच डोळ्यात टिमोलॉल हे दाबाचं दुसरं औषध जोडलं गेलं, सकाळी एक थेंब आणि संध्याकाळी एक. दाब १५ झाला.

त्यानंतर तीन-चार महिन्यांत उजव्या पापण्यांच्या कडा लाल होऊ लागल्या आणि खाज सुटली. फॅमिली डॉक्टरांनी ॲलर्जीची गोळी दिली, जुन्या पिढीतली, झोप आणणारी. खाज थोडी कमी झाली म्हणून ती गोळी रोजचीच झाली. खाजेच्या पाठोपाठ वाळू गेल्यासारखं खुपणं, जळजळ, मधूनच पाणी वाहणं सुरू झालं. आकडे वाचताना अक्षरं पुसट व्हायची आणि पापणी मिटून उघडली की पुन्हा स्पष्ट दिसायची.

अडचण

पहिल्या दवाखान्यात शिर्मर चाचणी झाली. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत किती मिलिमीटर ओली होते हे पाहायची ही पद्धत १९०३ पासून चालत आली आहे. उजवीकडे ६ आणि डावीकडे ७ मिलिमीटर भरलं. वय, रजोनिवृत्ती, स्क्रीनसमोरचं काम आणि हे आकडे एकत्र पाहून ‘डोळ्यात पाणी कमी’ असं निदान झालं. त्याला धरूनच उपचार झाले. आधी कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून चार वेळा दिले, मग आठ वेळा. तेवढ्याने भागेना तेव्हा दोन्ही डोळ्यांच्या खालच्या अश्रुछिद्रांत सिलिकॉनचे प्लग बसवले. हेतू सरळ होता: पाणी कमी तयार होतं, तर निदान आहे ते नाकात वाहून जाऊ नये.

डाव्या डोळ्याला थोडं बरं वाटलं. उजवा मात्र दोन आठवड्यांत लालबुंद झाला आणि जळजळ इतकी वाढली की दुपारनंतर कामच होईना. ‘सूज उतरत नाही, सायक्लोस्पोरिनचे (सूज शमवणारे) थेंब सुरू करावेत का?’ या प्रश्नासह त्यांना कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या विभागात पाठवलं गेलं.

इथवरचा प्रत्येक निर्णय सुटा घेतला तर समर्थनीय आहे. शिर्मर ६ असेल, थेंबांनी भागत नसेल, तर प्लगचा विचार कुणीही करील. पण एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता. पाणी दोन्ही डोळ्यांत जवळपास सारखंच कमी, मग त्रास एकाच डोळ्याला का?

कारणाचा शोध

शुष्क नेत्राची ढोबळ विभागणी दोन गटांत होते. एकात अश्रुग्रंथी पाणीच कमी तयार करतात. दुसऱ्यात पाणी पुरेसं असतं, पण पापणीच्या कडेतल्या मायबोमियन ग्रंथींचं तेल बिघडल्यामुळे ते लवकर उडून जातं. हा दुसरा प्रकार जास्त आढळतो आणि पुष्कळ जणांत दोन्ही मिसळलेले असतात. पण हे झालं यंत्रणेबद्दल. ती यंत्रणा कशामुळे बिघडली हा वेगळा प्रश्न आहे आणि उपचार त्या उत्तरावर ठरतो. स्यॉग्रेन आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते आणि अश्रुग्रंथी आतून जळत असतात. ॲलर्जीच्या जुन्या गोळ्यांनी ग्रंथींना मिळणारा चेतासंदेश दबतो. दोन्हीकडे शिर्मर ६ येऊ शकतो. पण एकात आयुष्यभर देखरेख लागते आणि दुसऱ्यात गोळी बंद केली की पुरतं.

बाईंना डोळ्यात आणि पोटात जाणारं सगळं औषध पिशवीत घालून आणायला सांगितलं होतं. टेबलावर तीन बाटल्या आणि एक गोळ्यांची पट्टी आली. तिन्ही बाटल्यांवर बारीक अक्षरांत एकच नाव होतं: बेन्झाल्कोनियम क्लोराइड. बाटली उघडल्यावर तिच्यात जंतू वाढू नयेत म्हणून घातलं जाणारं हे परिरक्षक मुळात साबणाच्या जातीचं रसायन आहे. ते अश्रूंच्या तेलकट थराला फोडतं, कॉर्नियाच्या वरच्या पेशींना इजा करतं आणि श्लेष्म तयार करणाऱ्या पेशी कमी करतं. लॅटॅनोप्रोस्टच्या मूळ बाटलीत त्याचं प्रमाण ०.०२ टक्के असतं, डोळ्यांच्या औषधांत हे चढंच. उजव्या डोळ्यात रोज लॅटॅनोप्रोस्टचा एक, टिमोलॉलचे दोन आणि कृत्रिम अश्रूंचे आठ असे अकरा थेंब पडत होते. डाव्या डोळ्यात फक्त कृत्रिम अश्रूंचे आठ.

तपासणीआधीच नुसत्या डोळ्यांनी एक गोष्ट दिसत होती. उजव्या पापणीचे केस डावीपेक्षा लांब आणि काळेभोर होते. लॅटॅनोप्रोस्टचा हा ओळखीचा परिणाम. रुग्णाला त्यात काही वावगं वाटत नाही, पण डॉक्टरांना औषध कुठल्या डोळ्यावर काम करतंय हे फाईल न उघडता कळतं.

चाचण्यांचा क्रम मुद्दाम पाळला, कारण एका चाचणीने पुढची बिघडते. आधी प्रश्नावली, मग फ्लुरोसिनचा रंग घालून अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते, मग कॉर्नियावर इजा झालेल्या जागी उमटणारे त्या रंगाचे डाग आणि शेवटी पापण्या दाबून तेल. ओएसडीआय या बारा प्रश्नांच्या प्रश्नावलीत गुण ५८ आले. तेरापासून पुढे त्रास धरतात आणि ३३ च्या पुढे तीव्र. थर उजवीकडे ४ सेकंदांत फाटला, डावीकडे ७. दहाच्या खाली तो अस्थिर समजतात. ऑक्सफर्ड मोजणीने (शून्य ते पाच श्रेणी) उजव्या कॉर्नियावर तिसऱ्या श्रेणीचे डाग होते, तेही खालच्या आणि नाकाकडच्या भागात दाट, जिथे टाकलेला थेंब साचून राहतो. डावीकडे पहिली श्रेणी. उजव्या खालच्या पापणीच्या आत बारीक पुटकुळ्या होत्या. मायबोमियन ग्रंथींतून दोन्हीकडे घट्ट तेल आलं, उजवीकडे जास्त.

प्लग बसवल्यावर उजवा डोळा का भडकला याचं उत्तर इथे होतं. डोळ्यावर एरवी सुमारे ७ मायक्रोलिटर अश्रू असतात आणि बाटलीतला एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. जादाचं पाणी झटकन गालावर किंवा नाकात जातं, म्हणून परिरक्षक फार वेळ टिकत नाही. ती वाट बुजवली की अश्रू टिकतात आणि त्यांत मिसळलेलं रसायनही टिकतं. मोरीची जाळी बंद करून नळ उघडा ठेवल्यावर साबणाचं पाणीच साचणार. डाव्या डोळ्यात काचबिंदूची औषधं नव्हती, म्हणून तिथे तोच प्लग थोडाफार उपयोगी पडला.

एक गोष्ट अजून सुटत नव्हती. बाईंना तोंडही कोरडं पडायचं. रात्री उशाशी पाणी ठेवावं लागे. डोळे आणि तोंड दोन्ही कोरडे म्हटल्यावर स्यॉग्रेन डोक्यात यायलाच हवा, कारण त्यात पुढे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा धोका वाढलेला असतो. या आजाराची खूण असलेले रो म्हणजेच एसएसए प्रतिपिंड रक्तात सापडले नाहीत. पण ते नसले म्हणून आजार नाहीच असं ठरत नाही. अशा वेळी ओठाच्या आतल्या लाळग्रंथींचा तुकडा काढून तपासतात.

कोणते पर्याय होते

सायक्लोस्पोरिन लगेच सुरू करणं हा एक पर्याय. ते सूज शमवतं आणि अश्रुनिर्मितीला मदत करतं, पण गुण यायला तीन ते सहा महिने लागतात आणि टाकल्यावर ते स्वतःच झोंबतं. आधीच पोळलेल्या डोळ्यात ते कुणी नेमाने टाकेल याची खात्री नव्हती. शिवाय रोज अकरा वेळा होणारी इजा चालू ठेवून वर सूज शमवायची, हे मला पटत नव्हतं.

स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली आठवड्याभरात उतरली असती. काचबिंदूच्या रुग्णात मात्र स्टेरॉइडने दाब चढण्याची शक्यता जास्त असते आणि उजव्या डोळ्याची नस आधीच अशक्त होती. हा पर्याय फार वेळ चर्चेत राहिला नाही.

काचबिंदूची औषधं पूर्ण थांबवून डोळ्याला विश्रांती देता आली असती. पृष्ठभागासाठी ते उत्तमच. पण काही आठवडे दाब वाऱ्यावर सोडणं नसेला परवडणारं नव्हतं, आणि मधल्या काळात दाबासाठी पोटातून ॲसिटाझोलामाइड द्यायचं तर हातापायांना मुंग्या, थकवा, मूत्रपिंडाची काळजी हे सगळं आलं.

तीच औषधं परिरक्षकाशिवाय देणं हा चौथा मार्ग. एकदा वापरून टाकायच्या कुपीत किंवा खास झडपेच्या बाटलीत ती मिळतात. दाबावरचा ताबा तसाच राहतो. त्याची मर्यादाही माहीत असावी: परिरक्षक गेलं तरी लॅटॅनोप्रोस्टची स्वतःची लाली जात नाही आणि टिमोलॉल स्वतःच कॉर्नियाची संवेदना व अश्रूंचा पाझर कमी करतं.

पाचवा मार्ग डोळ्यातला दाब उतरवणाऱ्या एसएलटी लेझरचा. नव्याने निदान झालेल्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाइट’ चाचणीत लेझरपासून सुरुवात केलेल्यांपैकी ७४.२ टक्के लोकांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज नव्हती. या बाई नव्या रुग्ण नव्हत्या आणि स्यूडोएक्सफोलिएशनमध्ये लेझरचा सुरुवातीचा चांगला गुण पुढे ओसरत जातो, त्यामुळे तो आकडा त्यांना जसाच्या तसा लावता येत नव्हता. तरी एक बाटली सुटली असती तरी पुष्कळ होतं. पुढे कधी काचबिंदूची शस्त्रक्रिया करावी लागली तर वर्षानुवर्षं परिरक्षकाने चिडलेला, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा व्रण लवकर धरतो आणि शस्त्रक्रियेचं यश घटतं, हेही गणितात धरलं.

काय केलं आणि कोणत्या क्रमाने

सगळ्यात जास्त चर्चा क्रमावर झाली. एकाच दिवशी सगळं बदललं तर रुग्णाला लवकर बरं वाटेल, पण कशाने वाटलं ते कळणार नाही, आणि मग पुढे कुठलंच औषध सोडायचा धीर होत नाही. दुसऱ्या टोकाला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हटलं तर वर्ष जातं. मधली वाट अशी काढली: आधी जे काढता येईल ते काढायचं, आणि नवीन औषध तूर्त एकही जोडायचं नाही.

पहिल्याच दिवशी उजवा प्लग काढायचा ठरला. बाईंना ते पटेना. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, आधीच डोळ्यात पाणी नाही म्हणता, आणि जे थोडं साठतंय तेही सोडून द्यायचं?”

प्रश्न रास्त होता. “पाणी साठतंय, पण त्यात औषधाचं रसायनही साठतंय. ते आधी जाऊ दे. पुढे गरज लागली तर प्लग पुन्हा बसवता येतील,” असं समजावल्यावर त्या तयार झाल्या. प्लगची टोपी बाहेर दिसत होती, त्यामुळे चिमट्याने तो क्षणात निघाला. डावीकडचा ठेवायचा का, यावर दोन मतं होती. त्या डोळ्याला बरं वाटत होतं, म्हणून तो ठेवला.

कृत्रिम अश्रू परिरक्षकाशिवायचे आणि दिवसातून चारदा केले. लॅटॅनोप्रोस्ट आणि टिमोलॉलही परिरक्षकाशिवायचे दिले. फॅमिली डॉक्टरांशी बोलून ॲलर्जीची गोळी थांबवली. खाज पापणीच्या कडेची होती, ॲलर्जीची नव्हतीच, हे त्यांनाही पटलं. पापण्यांसाठी रोज पाच ते दहा मिनिटं कोमट शेक आणि त्यानंतर कडेच्या दिशेने हलका दाब, एवढीच एक नवी गोष्ट होती.

ओठाचा तुकडा तपासायचं सहा आठवडे पुढे ढकललं. गोळी बंद केल्यावर तोंडाला पाणी सुटलं आणि शिर्मर वर गेला, तर एक टोचणी वाचेल. नाही गेला, तर सहा आठवड्यांच्या उशिराने फारसं बिघडत नाही. संशय आला की लगेच बायोप्सी करावी असं मानणारे सहकारी आहेत. रक्तात प्रतिपिंड सापडले असते, लाळग्रंथी सुजलेल्या असत्या किंवा सांधे दुखत असते, तर मीही थांबलो नसतो.

परिणाम

चार आठवड्यांनी उजव्या डोळ्यातला दाब १५ च होता. औषध बदलल्यावर ही भेट चुकवून चालत नाही. लाली निम्मी उतरली होती. सहा आठवड्यांनी शिर्मर उजवीकडे ११ आणि डावीकडे १३ आला. उशाशी पाण्याचं भांडं ठेवणं बंद झालं होतं. बायोप्सीचा विषय तिथे मिटला.

मग उजव्या डोळ्यावर एसएलटी केलं. दोन महिन्यांनी टिमोलॉल थांबवून पाहिलं. दाब १६ राहिला, म्हणून ते पुन्हा सुरू केलं नाही.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस उजव्या कॉर्नियावरचे डाग पहिल्या श्रेणीवर आले आणि प्रश्नावलीचे गुण २७ झाले. सहाव्या महिन्यात ते २१ होते. थर फाटायची वेळ ४ वरून ७ सेकंदांवर गेली आणि तिथेच अडकली. म्हणजे परिरक्षकाचा वाटा गेला तरी तेलग्रंथींचा बिघाड शिल्लक आहे. शेकात खंड पडला की दोन-तीन दिवसांत अक्षरं पुन्हा पुसट होतात, असं बाई स्वतःच सांगतात. सायक्लोस्पोरिनची गरज पडली नाही. डावीकडच्या प्लगने पाणी गालावर ओघळू लागलं, कारण आता तिथे अश्रू पुरेसे होते, तोही काढला.

खरा धक्का फील्ड टेस्टने दिला. पृष्ठभाग सुधारल्यावर पुन्हा घेतलेल्या चाचणीत उजव्या डोळ्याचं मीन डेव्हिएशन (दृष्टिक्षेत्र निरोगी डोळ्यापेक्षा सरासरी किती कमी, तो आकडा) उणे ६.८ वरून उणे ५.१ डेसिबलवर आलं. काचबिंदूने गेलेली नस परत येत नाही. तेव्हा ज्या चाचणीवरून टिमोलॉल जोडलं गेलं, तिच्यातली घसरण निदान काही अंशी पुसट कॉर्नियाची असावी. फाटलेल्या अश्रूथरातून मंद दिवे दिसत नाहीत आणि यंत्र ते नसेच्या नावावर मांडतं. इथे साखळी उलगडते. खराब पृष्ठभागाने चाचणी बिघडली, तिच्यामुळे थेंब वाढले, थेंबांनी पृष्ठभाग आणखी बिघडला, खाजेसाठी गोळी आली, गोळीने पाणी आटलं आणि आटलेल्या पाण्यासाठी प्लग बसले.

वेगळं काय करता आलं असतं

टिमोलॉल जोडण्याआधी फील्ड टेस्ट पुन्हा घ्यायला हवी होती, तीही चाचणीआधी कॉर्नियावर रंगाचे डाग पाहून. एका चाचणीवर उपचार वाढवू नये हे काचबिंदूत सगळ्यांना ठाऊक असतं, पण दोन चाचण्यांमध्ये डोळ्याचा पृष्ठभाग सारखा होता का हे क्वचितच पाहिलं जातं. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात महागात पडलेलं वळण हेच. प्लगची पाळी पुढे कधीतरी आली.

शिर्मरचा आकडा वाचताना रुग्ण कुठली गोळी घेतो हे शेजारी लिहिलेलं असतं, तर ६ चा अर्थ वेगळा लागला असता. ॲलर्जी आणि नैराश्यावरच्या काही जुन्या गोळ्या पाणी आटवतात आणि मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनोइन तेलग्रंथी बिघडवतं. रुग्ण त्या डोळ्यांच्या डॉक्टरांना आपणहून सांगत नाहीत. डोळ्याशी त्यांचा संबंध असेल असं त्यांना वाटतच नाही. स्यॉग्रेन, रजोनिवृत्ती किंवा गोळ्या दोन्ही डोळ्यांना सारख्याच वागवतात. त्रास एकाच बाजूला असेल तर त्या बाजूपुरतं काय वेगळं आहे ते शोधावं लागतं: एका डोळ्यात पडणारं औषध, रात्री अर्धवट उघडी राहणारी पापणी, चेहऱ्याच्या नसेचा जुना पक्षाघात, झोपेत श्वासासाठी लावलेल्या मास्कमधून गळणारी हवा.

प्लगबद्दल मत कडवट होऊ नये. पाणी खरोखर कमी आहे, सूज आटोक्यात आहे आणि डोळ्यात परिरक्षक जात नाही, अशा रुग्णाला ते फार सुख देतात. या बाईंनाही पुढे कधी ते लागू शकतील.

आमच्या बाजूने एक गोष्ट अनिर्णित राहिली. परिरक्षक, गोळी आणि उजवा प्लग एकाच दिवशी गेल्यामुळे उजव्या डोळ्याचा नेमका किती आराम कशामुळे, हे सांगता येत नाही. डाव्या डोळ्यात परिरक्षक आणि गोळी थांबली, प्लग राहिला, त्यामुळे तो थोडीफार तुलना पुरवतो. पण त्याला मुळात त्रासच कमी होता. पुढच्या भेटीत लॅटॅनोप्रोस्टही थांबवून पाहता येईल का, की लेझरचा गुण ओसरायला लागला आहे, हे दाबाच्या आकड्यावर ठरेल. तोवर शेक आणि चार वेळचे थेंब चालू आहेत.